आठ तोंडं भिंतीकडे

आमच्या घरात वाटणी झाली ती २०१० साली, अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. मामांनी खरं तर अक्षयतृतीयाच धरली होती. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग उघडायला नको. पण आई आडवी आली. म्हणाली, "त्या दिशी केलेलं अक्षय ऱ्हातं म्हणत्यात. उद्या करा." म्हणून दुसरा दिवस.

मामा म्हणजे मध्यस्थ. सणसरपासून पार इंदापूरपर्यंतच्या निम्म्या वाटण्या त्यांच्या हातून झालेल्या, त्यामुळे हात बसलेला. जमीन झाली, म्हशी झाल्या, हंडे-कळश्या झाल्या, आणि दुपारी दोनच्या सुमाराला मामा नानांच्या स्पीकरांपाशी आले. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मामा म्हणाले, "दोन हायत न्हवं? मग येकयेक."

चपलांचा जोड असता तर मामांनी असं केलं नसतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. अविभाज्य मालमत्ता या विषयावर परीक्षेत मला पाच मार्कांची टीप आली होती आणि मी ती ऑप्शनला टाकली होती. तेव्हा बोलायला तोंडच नव्हतं. डावा स्पीकर दादाकडे गेला, उजवा माझ्याकडे. अँप्लिफायर दादाला, कारण तो थोरला. ईक्वलायझर नावाची एक चपटी पेटी होती ती मला. तिचा उपयोग कुणालाच माहीत नव्हता, आणि बँकेत आहे म्हणजे याला कळेल, असा मामांचा अंदाज. ती पेटी अमेरिकेतली, एकशेदहा व्होल्टवर चालणारी. आपले दोनशेतीस तिला झेपत नाहीत, म्हणून एक ट्रान्सफॉर्मर होता. तो दादाला. का, तर जड होता आणि त्या बाजूचं पारडं जरा हलकं पडत होतं.

आता हे स्पीकर काय चीज आहे ते सांगायला हवं. आमचे धाकटे काका अमेरिकेत इंजिनियर होते. १९८६ साली ते कायमचे परत आले, ते बरोबर 'बोस ९०१' नावाची ही जोडी घेऊन. पुण्यात त्यांचा दोन खोल्यांचा ब्लॉक. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की, या घरात एक तर हे राहतील नाहीतर मी. काकांनी दोन दिवस विचार करायला घेतले हे काकूंनी अजून मनात ठेवलंय. असो. स्पीकर टेम्पोत बसून सणसरला आले.

प्रत्येक खोकं एकवीस इंच रुंद, तेरा इंच उंच, वजन पंधरा-सोळा किलो. खाली एका पायाचा पांढरा धातूचा स्टँड, त्यावर बगळ्यासारखं उभं. आत तळहाताएवढे नऊ स्पीकर, नऊच्या नऊ एकसारखे. मोठ्या आवाजाला मोठा आणि बारीक आवाजाला बारीक असली वर्णव्यवस्थाच नाही. आणि खरी गंमत पुढेच. या नवांपैकी ऐकणाऱ्याकडे तोंड फक्त एकाचं. उरलेले आठ पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून.

हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस अमर बोस. वडील बंगाली क्रांतिकारक, इंग्रजांच्या राज्यातून निसटून अमेरिकेत गेलेले. हा तिकडे १९२९ साली जन्मला. महायुद्धाच्या काळात घरखर्चाला हातभार म्हणून पोरवयात रेडिओ दुरुस्त करायचा. पुढे १९५६ साली एमआयटीत शिकत असताना त्याने चांगला महागाचा स्टिरिओ घेतला, घरी आणून लावला, आणि त्याची निराशा झाली. आपण अशा वेळी दुकानदाराशी भांडतो. बोसने संशोधन सुरू केलं. मैफलीच्या मोठ्या हॉलमध्ये बसलं की कानावर पडतो त्यातला बहुतेक आवाज थेट वाद्यातून येतच नाही, भिंती आणि छतावर आपटून येतो, हे त्याने मोजून काढलं. मग त्याने आधी १९६६ साली बावीस स्पीकरांचा, नारळाच्या खांडासारखा, खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा एक प्रकार काढला. तो कुणी फारसा घेतला नाही. मग १९६८ साली हा ९०१. आठ भिंतीकडे, एक माणसाकडे.

सणसरला हे कोण मानणार? आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा बसायच्या आधी उठून स्पीकर फिरवून ठेवायचा. "नाना, ह्याचं तोंड पलीकडं झालंय." नाना पुन्हा फिरवायचे. नाना भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात, शेतकी खात्यात होते. उसाची लागण मोजायच्या टेपने त्यांनी भिंतीपासूनचं अंतर मोजलं होतं आणि फरशीवर ऑइलपेंटने खुणा केल्या होत्या. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की सणसरला मुक्कामाला असते. आमच्या ओसरीवर एक दिंडी उतरायची. पाय सुजलेल्या त्या मंडळींसाठी नाना रात्री भीमसेन जोशींचे अभंग लावायचे. एका वर्षी एका वारकरी आजीने स्पीकर फिरवला. नानांनी परत केला. आजीने पुन्हा फिरवला. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाली, "मान्सांकडं पाठ करून गानारा जन्मात बघितला न्हाई." नाना म्हणाले, "आजी, तुम्ही नुसतं डोळं मिटून ऐका." आजीने डोळे मिटले आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. नाना म्हणायचे, एवढी दाद कुणी दिली नाही.

वाटणीनंतर माजघराच्या मधोमध भिंत उठली. चार इंची, म्हणजे ठेकेदाराने बिलात लावली ती चार इंची. ओसरीत मात्र ती आली नाही. ओसरीत आईची बसायची जागा, तिथे तिने वीट ठेवू दिली नाही.

आता अडचण बघा. बोसच्या शास्त्राप्रमाणे स्पीकरमागे टणक, मोकळी भिंत लागते. माझ्या निम्म्या घरात एका भिंतीला खिडक्या, एकीला गोधड्यांची घडवंची, तिसरीत स्वयंपाकघराचं दार. मोकळी, गिलावा केलेली भिंत एकच, मधली. पलीकडे दादाच्याही घरात तीच. म्हणजे माझ्या स्पीकरची आठ तोंडं दादाकडे आणि त्याच्या स्पीकरची आठ तोंडं माझ्याकडे. मी रात्री नाट्यसंगीत लावलं की स्वतःसाठी एक तोंड आणि भावासाठी आठ, असा व्यवहार. पहाटे पाचला दादा कीर्तन लावून त्याची परतफेड करायचा, तीही चक्रवाढ व्याजाने. मग भिंतीवर ठोके. वहिनींचा निरोप आईमार्फत, "भावजींना म्हनावं जरा हळू." आमच्या मंडळींचा निरोप आईमार्फत, "आधी त्यांनी." आईचा सगळा दिवस क्लिअरिंग हाउससारखा जायचा.

बरं, दोघांचं सुखात चाललं होतं असंही नाही. हे नऊ एकसारखे छोटे स्पीकर अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर आपल्या आपण पुरेसे काढू शकत नाहीत. ते आधीच वाढवून द्यावे लागतात, आणि ते काम त्या चपट्या पेटीचं. ती माझ्याकडे. तेव्हा दादाच्या घरी बुवा ट्रंक कॉलवरून कीर्तन करत. माझ्याकडे पेटी होती पण ट्रान्सफॉर्मर नाही, अँप्लिफायर नाही. म्हणजे मसाला माझ्याकडे आणि चूल त्याच्याकडे. मागायला जावं, तर तेवढ्या काळात माणूस दोन बँकांची कर्जं मागून येईल. मी दोन्ही वस्तू नव्याने विकत घेतल्या. पासबुक बघून मंडळी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

एवढं केलं तर जोडीही पुरी करू, या हिशोबाने २०१२ साली मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे अगदी तोच स्पीकर, एकटा. तेच अक्रोडी लाकूड, तीच पाठीची निमुळती ठेवण, तोच एका पायाचा स्टँड. विकणारा म्हणाला, "जोडी फुटलेली आहे साहेब, म्हणून स्वस्त." मी ओळखलं. कुठल्यातरी घरी कुणाचे तरी मामा येऊन गेले असणार.

स्वारगेटवरून तो एसटीने आणला. कंडक्टरने लगेज लावलं, ते लावलंच, वर "पाठीमागनं वाजतंय व्हय हे?" असं विचारून अख्खी एसटी माझ्याकडे बघेल अशी सोय केली. घरी आणून जोडला. माझा जुना स्पीकर खणखणीत बोलतोय आणि नवा कुजबुजतोय. गायिका मधोमध उभी राहायला हवी, ती जुन्याला जाऊन चिकटली. आवाज बरोबरीचा करायला नव्याचा वाढवला, तर त्याचा खर्ज वेगळाच लागायला लागला. नव्या जागी आलेल्या सासुरवाशिणीसारखा तो दोन दिवसांत रुळेल म्हणून आठ दिवस वाट बघितली. रुळला नाही. शेवटी दोन्ही उचलून बारामतीला मास्तरांकडे नेले.

मास्तर म्हणजे एसटी स्टँडजवळचे मेकॅनिक. उभी हयात मांडववाल्यांचे अँप्लिफायर आणि कर्णे दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी दोन्हींच्या मागच्या जाळ्या काढल्या, माझ्या नव्या स्पीकरच्या एका पडद्यावर बोटांनी हलकेच दाब दिला आणि म्हणाले, "बाकीच्यांकडं बघा." बघतो तर तो एक आत गेल्याबरोबर शेजारचे किंचित बाहेर आलेले. मग माझ्या नानांच्या स्पीकरवर तेच केलं. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"साहेब, ही जोडी नाही. हे चुलतभाऊ आहेत."

झालं होतं असं. हा स्पीकर जवळजवळ पन्नास वर्षं निघत राहिला आणि त्याच्या सहा आवृत्त्या झाल्या. मला पुण्यात मिळाला तो दुसरी आवृत्ती, सीरिज टू. काकांनी आणले ते सीरिज फोर. बाहेरून एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फरक सगळा पोटात. पहिल्या दोन आवृत्त्यांचं खोकं संपूर्ण बंद. मास्तरांनी सायकलचा पंप मागवला, त्याच्या तोंडावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "दट्ट्या ढकला." ढकलला तसा तो परत आला. "तसं. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी. पडद्याला ती जागेवर आणती." नवांची मिळून एक खोली, दार बंद, एकाला आत ढकललं की बाकीच्यांना बाहेर सरकावं लागतं. असल्या खोक्यातून खर्ज नेमका निघतो, पण ढकलायला ताकद फार लागते. अँप्लिफायर दणकट हवा.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर तिसरी आवृत्ती आली आणि तिने घरच पाडून नव्याने बांधलं. लाकडाच्या आत प्लॅस्टिकचं खण पाडलेलं दुसरं घर, आणि त्याला हवेच्या नळ्या, बाहेर उघडणाऱ्या. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तो प्रकार. पडद्याच्या मागची हवा कोंडून न ठेवता तिलाच घुमवायचं आणि खर्जाच्या कामाला लावायचं. त्यामुळे तेवढ्याच विजेत हा जास्त मोठ्याने बोलतो. म्हणून माझा नानांचा खणखणीत आणि पुण्याचा कुजबुजता. आणि दोन्हींच्या खर्जाची चाल वेगळी, तेव्हा ईक्वलायझरही वेगवेगळे. चौथीची पेटी दुसरीला लावणं म्हणजे शेजारच्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

मला बँकेतली नमुना सह्यांची कार्डं आठवली. १९८५ साली खातं उघडताना केलेली सही आणि आज चेकवर केलेली सही. माणूस तोच, नाव तेच, समोर उभा राहून शपथेवर सांगतोय. आणि आम्ही चेक परत करतो, 'सही जुळत नाही'.

"मग दोन ईक्वलायझर घ्यायचे?" मी विचारलं.

"आणि दोन अँप्लिफायर. आणि आवाज जुळवायला एक मानूस घरी ठेवा."

एवढं बोलून मास्तरांनी नानांच्या स्पीकरच्या पडद्याची कड नखाने टोकरली. ती बोटाला लागून आली, चुलीतल्या राखेसारखी. ही आणखी एक गंमत. दुसऱ्या आवृत्तीत पडद्याची कड फोमची नव्हती, ती अजून शाबूत. तिसरीपासून फोम आला, आणि त्या काळचा फोम पंचवीस-तीस वर्षांत हवेने, दमटपणाने विरतो. यात एका कुणा कंपनीचा दोष नाही, ज्यांनी ज्यांनी तो वापरला त्यांच्या सगळ्यांच्या नशिबी तेच. म्हणजे जुनं टिकलं आणि सुधारलेलं विरलं. हे मी आईला सांगायचं टाळलं.

"नऊच्या नऊ कडा बदलाव्या लागतील," मास्तर म्हणाले. "हल्लीच एक केला, अगदी असाच. सणसरचेच आहेत. तुमच्यासारखेच दिसतात, फक्त मिशा."

वर बघितलं. फळीवर, वर्तमानपत्राखाली, नानांचा डावा उभा होता. दादा तीन महिन्यांपूर्वी देऊन गेला होता, म्हणजे पहाटेचं कीर्तन बंद झालं होतं ते आमच्या निरोपांमुळे नव्हे. बिलातली बाकी द्यायला जमलं नव्हतं म्हणून नेला नव्हता. त्या वर्षी पाऊस नव्हता, इंदापूर तालुक्यात उसाचं काय झालं होतं ते मी बँकेच्या काउंटरवर बसून रोज बघत होतो. घरातलं तेवढं बघितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी माझा स्पीकर झाला. मी पेटी घेऊन गेलो होतो. मास्तर म्हणाले, "दोन्ही फोर आहेत, लावून तपासू का एकदा?" मी म्हटलं, लावा. त्यांनी दोन्ही त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी ठेवले. मला अंतर कमी वाटलं म्हणून मी एक वीत पुढे ओढले. मास्तरांकडे लग्नाच्या मांडवात लावायची सनई होती, तीच लावली. तीन वर्षांनी ते दोघे एकत्र वाजले. सनई डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती, ती अख्ख्या भिंतीतून येत होती. समोरचा चहावाला किटली घेऊन आला होता, तोही तसाच उभा राहिला.

"बास मास्तर, मला बँकेत जायचंय," मी म्हटलं. रविवार होता. मास्तर काही बोलले नाहीत.

दादाची बाकी मी भरली. ती कोणत्या खात्यावर टाकावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही, सध्या अनामत आहे. डावा स्पीकर रिक्षातून आणून मी ओसरीत आईजवळ ठेवला आणि माझ्या घरात गेलो. संध्याकाळी दादा आला, त्याने स्पीकर बघितला, आईकडे बघितलं, आणि उचलून आत नेला. थोड्या वेळाने ओसरीत काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर ट्रान्सफॉर्मर.

"आता कशाला? मी नवा घेतला," मी म्हटलं.

"मग मला तरी काय करायचाय? पेटी तुझ्याकडं."

यावर आई म्हणाली, "दोगं येकच लावा की. सकाळचं आकाशवाणीचं." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पुणे केंद्र लावलं. ओसरीत आईच्या डावीकडच्या दारातून दादाचा स्पीकर, उजवीकडच्या दारातून माझा. अर्धं भक्तिगीत झाल्यावर आई म्हणाली, "थोरल्याचा आवाज बारीक येतोय. टेलिफोनातनं बोलल्यावानी." तिने कधी ईक्वलायझर हा शब्द ऐकला नव्हता, पण दोष बरोबर पकडला.

तेव्हा मला सुचलं की माझ्या पेटीला दोन बाजू आहेत आणि डावी तीन वर्षं रिकामी पडून आहे. अँप्लिफायरचंही तेच. नुसती एक वायर पलीकडे न्यायची होती. ओसरीतून फिरवून नेली तर आई अडखळणार. म्हणून रविवारी दादाने त्याच्या बाजूने ड्रिल लावलं, मी माझ्या बाजूने भोकाची जागा हाताने ठोकून दाखवली. ड्रिल अपेक्षेच्या फार आधी बाहेर आलं, माझं बोट थोडक्यात वाचलं. टेपने मोजलं. गिलावा धरून साडेतीन इंच. ठेकेदाराला जाऊन विचारायचं यावर आमचं दोघांचं तीन वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं.

त्याच जुलैत पालखी येऊन गेली. त्याच महिन्यात अमर बोस वारले, ती बातमी मी बँकेत पेपरात वाचली आणि दादाला फोन करून सांगितली. दादा म्हणाला, "नानांना सांगायला पायजे होतं."

सीरिज टू माझ्याकडे तसाच आहे. त्यावर मंडळींनी मनीप्लांट ठेवलंय. कडा शाबूत आहेत. कुणाच्या घरी वाटणी होऊन त्याचा जोडीदार एकटा पडला असेल तर कळवावं, मी देऊन टाकीन, फक्त एसटीचं लगेज लागेल.

आवाज कमी-जास्त करायचं बटण माझ्या बाजूला आहे, त्यामुळे भिंतीवर ठोके अजून येतात. एक ठोका म्हणजे कमी कर, दोन म्हणजे वाढव. परवा तीन आले. तीनचं काही ठरलेलं नव्हतं. गाणं बंद करून ओसरीतून पलीकडे गेलो, तर वहिनींनी चहा टाकला होता.